पांढरा पडदा आणि पैठणचे पाहुणे

शुक्रवारी तीनच्या खेळाला दिलकुशा टॉकीजचा नवा पडदा गुलाबी झाला आणि वच्छलेचं लग्न लटकलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे बाहेरगावच्या माणसाला बसवून सांगावं लागेल.

निजामाचं राज्य जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. नाणी बदलली, कचेरीची भाषा बदलली, टॉकीजच्या दारावरची पाटी उर्दूतून मराठीत आली. पण दिलकुशाच्या पब्लिकचा एक रिवाज कोणत्याही सरकारला बदलता आला नाही. पडद्यावर जो सण, तो पब्लिकनं खुर्चीत साजरा करायचा. आरतीचं गाणं लागलं की लोक चपला काढत. गाणं संपल्यावर अंधारात पायाला जी लागेल ती घालत, आणि जुनीच्या जागी बरी मिळाली तर देवाची कृपा समजत. पतंगाचं गाणं लागलं की बाल्कनीतून तिकिटांचे कपटे उडत. यात वाईट हेतू कुणाचाच नसे. तिकीट काढलंय तर सण फुकट का जाऊ द्यायचा, एवढाच विचार.

टॉकीजचे मालक तात्यासाहेब पाथ्रीकर हे मनानं उदार आणि जिभेनं त्याहून उदार होते. बढाई ते उधारीवर मारत. आज बोलून ठेवू, पुढेमागे खरं करून टाकू, अशी त्यांची दानत होती. पैठणला आपल्या लेकीचं, वच्छलेचं स्थळ घेऊन गेले तेव्हा मुलाचे वडील काकासाहेब म्हणाले, "मुलीबद्दल आमचं काही नाय. पण टॉकीज म्हणजे शिट्ट्या अन् आरोळ्या. तसल्या घराशी सोयरीक कशी करावी?"

काकासाहेब पैठणीच्या व्यापारातले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. हसायचं असलं तर ते आधी आजूबाजूला बघून घेत आणि मग बहुधा रद्द करत.

तात्यासाहेब म्हणाले, "काकासाहेब, आमचं पब्लिक देवळात बसल्यासारखं बसतं. मुंबईहून नवा पडदा आणलाय, दुधासारखा. त्याच्यावर डाग दाखवा, टॉकीज तुमच्या नावावर करून देतो."

"टॉकीज काय करायचंय. पण नवीन चित्र लागलं की दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं येऊन बघतो. जसं सांगता तसं असलं तर पुढचं बोलू."

वच्छलेला मुलगा पसंत होता. तसं ती तोंडानं म्हणाली नव्हती, पण आधीच्या स्थळांच्या वेळी तिनं पोह्यांत मीठ सांडलं होतं आणि यावेळी सांडलं नव्हतं. तिची आई द्वारकाबाई एवढ्यावरून सगळं समजली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तुमचं टॉकीज तेवढं सांभाळा."

आणि नेमक्या नव्या चित्रात होळीचं गाणं निघालं. पहिल्याच खेळाला नायकानं पिचकारी उचलली, तसा पुढच्या बाकड्यांवरून असा गुलाल उठला की नायिका दिसेनाशी झाली. ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर डाग पसरला. सहाच्या खेळाला चित्रातली सगळी मंडळी गोड गुलाबी, खलनायक पिस्तूल रोखतानासुद्धा लाजल्यासारखा दिसला.

तात्यासाहेबांनी डोअरकीपर सांडूला बोलावलं. "सांडू, दारावर खिसे तपासायला सांगितलं होतं ना?"

"तपासले की. गुलाल टोप्यांत आणला लोकांनी. आता लोकांच्या टोप्या काढायच्या म्हणजे लई अपमान होतो."

"आणि तुझे कान गुलाबी कशानं?"

सांडूनं दोन्ही कान चाचपले. "कानाचं काय सांगावं तात्यासाहेब. हवा लागती."

रंगाऱ्याकडून पडद्याला सफेदा मारून घेतला. करार झालेला, त्यामुळं चित्र बदलणं शक्य नव्हतं. शनिवारी ऑपरेटर कमरोद्दीननं होळीचं गाणं कापून बाजूला ठेवलं. पण त्या चित्राची सगळी भानगड त्या गाण्यातच होती. गाण्याआधी नायक-नायिका एकमेकांना ओळखत नव्हते आणि गाण्यानंतर नायिकेची आई रडत होती. मधलं कुठं गेलं म्हणून पब्लिकनं बाकडी वाजवायला सुरुवात केली. एक पहिलवान केबिनच्या भोकाशी येऊन म्हणाला, "कमरूभाई, आमचं गाणं द्या, नायतर आमीच गातो." आणि ते गायले. होळीत जे जे गातात ते सगळं गायले. बायका जनान्यातून उठून गेल्या.

"इथं काहीतरी भरायला पाहिजे," तात्यासाहेब म्हणाले. "भोक ठेवून चालायचं नाही."

कमरोद्दीननं आपली पत्र्याची पेटी ओढली. जुन्या, घासलेल्या चित्रांतली धड राहिलेली गाणी तो कापून जपून ठेवी. दिवाळी, राखी, गोकुळाष्टमी, ईद, वर्षभराचे सण त्या पेटीत गुंडाळून पडले होते. "साब, सणाच्या जागी सण टाकतंय. होळी नक्को तो दिवाळी लेव. दिवे लावताईत बायका, हळू हळू गाताईत. लई थंडं गाणंय."

"पण त्यात नायक दुसरा असेल."

"गाण्यात कोन तोंड बघतंय साब."

हे मात्र खरं निघालं. सोमवारी मिशीवाला नायक दारातून आत गेला आणि बिनमिशीचा होऊन दिवाळीच्या अंगणात उतरला. पब्लिकमध्ये एकानं विचारलं, "मिशी कुठं गेली?" दुसरा म्हणाला, "सणाची दाढी करून आला असंल." तेवढ्यावर मिटलं. पहिलं कडवं शांततेत गेलं. तात्यासाहेब बाल्कनीत द्वारकाबाईंना म्हणाले, "बघितलं?" दुसऱ्या कडव्याला पडद्यावर फुलबाजी पेटली.

पब्लिकनं फटाके आणले कुठून, हे तात्यासाहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. लवंगी माळा लागल्या, खुर्चीखालून भुईचक्र सुटलं, आणि धुरात पडदा आहे की नाही तेच समजेना. जनान्यातून एक बाई निरांजन घेऊन खाली आली, नवऱ्याला ओवाळून हात पुढं करून उभी राहिली. पाडव्याची ओवाळणी. नवरा म्हणाला, "अगं, सिनेमातला पाडवा हा." ती म्हणाली, "फटाका उडवलात तो कुठला होता?" त्याला कोटाचा खिसा उलटा करावा लागला. पडद्याच्या कोपऱ्याला काळा चट्टा पडला. पुन्हा सफेदा.

"राखी," तात्यासाहेब मंगळवारी म्हणाले. त्यांना आता गोडी लागल्यासारखी झाली होती. "भावाबहिणीचं गाणं. लोक रडतील, नाक शिंकरतील. नाकाचं पडद्यापर्यंत जात नाही."

बुधवारी राखी लावली. पडद्याला खरोखर काही झालं नाही. पण पहिल्याच कडव्याला जनान्यातल्या बायका उठल्या. दोरा कुणाकडं नव्हता, म्हणून दारावरच्या मखमली पडद्याची झालर उसवली आणि दिसेल त्या मनगटाला बांधायला सुरुवात केली. तात्यासाहेब जिन्यात सापडले. दोन्ही मनगटं भरली. बहिणींमध्ये एक त्यांची भाडेकरीण होती. त्या दिवसापासून तिनं भावाला भाडं मागायची सोय ठेवली नाही.

सगळ्यांत मोठं नुकसान सांडूचं झालं. मधल्या सुटीत भुईमुगाच्या शेंगा विकायला साळूबाई यायची. ती एकटी, सांडूही एकटा. वर्षभर ती त्याला मापाच्या वर मूठभर शेंगा घाली आणि वर्षभर सांडू त्या मुठीचा अर्थ लावत होता. बुधवारी तो अंधारात वाट दाखवत उभा होता. साळूबाई समोर आली, म्हणाली, "बॅटरी नीट धर," आणि त्याच्या मोकळ्या हाताला झालरीचा तुकडा बांधून गेली.

सांडू तसाच तात्यासाहेबांकडं गेला. "तात्यासाहेब, हे गाणं काढा. होळीनं कान रंगले, दिवाळीनं धोतर जळलं, मी बोललो नाय. पण आता माणसाचा संसार बुडायलाय."

"सिनेमातली राखी ती. तिला काही अर्थ आहे का?"

"तसं तुमी साळूबाईला सांगता का?"

तात्यासाहेबांनी आपल्या भरलेल्या मनगटांकडं पाहिलं आणि राखी काढली. शनिवारी दुपारी सांडू, कमरोद्दीन आणि तात्यासाहेब असे तिघं पेटीभोवती बसले. उद्या पाहुणे.

"गोकुळाष्टमी?" तात्यासाहेब म्हणाले.

"नको," सांडू म्हणाला. "थर लावत्याल. पयल्या थरावरून बाल्कनी हाताला येती. काकासाहेबांनाच हंडी समजत्याल."

"मग उरलं काय?"

कमरोद्दीननं पेटीच्या तळातून एक गुंडाळी काढली आणि मांडीवर ठेवली. "ईद. चांद दिसताय, बच्चे टोप्या घालताईत, मोठे गळा मिळताईत. बस. ना रंग, ना बारूद. लोक काय करतील साब, बाजूवाल्याच्या गळ्यात पडतील. पडदा दूर राहिला."

तात्यासाहेबांनी चहूबाजूंनी विचार करून पाहिला. पडद्याला धोका नाही, आग नाही, धागा नाही. मिठी मारताना आवाजही होत नाही. चांगल्या घरचा सण. "शाबास कमरू," ते म्हणाले. "आठवडाभर कुठं होती ही?"

"तुमी मागितलीच नाय."

रविवारी काकासाहेब आणि आवडाबाई एस्टीनं उतरले. आवडाबाई ठेंगणी आणि हसतमुख. घरातलं सगळं हसण्याचं काम एकटीवर पडलेल्या बायका असतात तशी. काकासाहेबांनी दारात थांबून दिलकुशाचा भिंतीवरून जिन्यापर्यंत अंदाज घेतला. सांडू सगळ्यांचे खिसे तपासत होता, टोप्यासुद्धा उलट्या करून बघत होता. काकासाहेबांपाशी आल्यावर त्यानं हात मागं घेतला आणि नमस्कार केला. व्याह्यांचे खिसे तपासतात का कुठं?

"शिस्त दिसतीय," काकासाहेब म्हणाले. आपल्या कोटाच्या गुंड्या त्यांनी पुन्हा एकदा चाचपून बघितल्या.

बाल्कनीत पहिल्या ओळीला सोफा टाकला होता. द्वारकाबाई सुपारी हनुमानाच्या देवळात जाऊन आल्या होत्या, प्रसादाचा नारळ पिशवीत होता. त्या आवडाबाईंच्या शेजारी बसल्या, वच्छला मागं. दिवे गेले. पडदा पांढरा, सलग, नवरीच्या शालूखालच्या अस्तरासारखा. पब्लिक गप्प. चार-दोन शिट्ट्या आल्या, त्या तात्यासाहेबांनी खोकून झाकल्या. मधल्या सुटीपर्यंत काकासाहेबांचा चेहरा एका बाजूनं मऊ झाला होता. "बरं पब्लिक आहे," ते म्हणाले. पण त्यांचं चित्रात लक्ष लागत नव्हतं. मधूनच त्यांनी विचारलं, "यात म्हणे गाणी बरी आहेत?"

"आहेत की," तात्यासाहेब म्हणाले. "आता एक येतंय. अगदी सोज्वळ."

काकासाहेब सावरून बसले.

मिशीवाला नायक दारातून आत गेला. पडद्यावर आकाश आलं आणि आकाशात चांदाची कोर. थर्ड क्लासातून कुणीतरी म्हणालं, "चांद मुबारक." दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग ठेका धरून गाणं सुरू झालं, पडद्यावरचे लोक एकमेकांना भेटले, आणि खाली सगळं टॉकीज उभं राहिलं.

टांगेवाला वकिलाच्या गळ्यात पडला. पहिलवानानं दोन कारकुनांना एका मिठीत घेतलं. ज्यांचं महिनोन् महिने बोलणं नव्हतं ते दुकानदार अंधारात चुकून भेटले आणि सोडायच्या वेळी ओळखू आले म्हणून पुन्हा भेटले. एकेका माणसाला तीनदा, उजवा खांदा, डावा खांदा, उजवा खांदा. तात्यासाहेब समाधानानं बघत होते. पडदा तसाच पांढरा. मग त्यांच्या लक्षात आलं की खालच्या लोकांचं एकमेकांना भेटून झालंय आणि आता ते बाल्कनीकडं बघताहेत.

पब्लिक जिन्यानं वर आलं. मालकाला ईद मुबारक म्हटल्याशिवाय जायचं कसं? मालकाच्या शेजारी पाहुणा बसलेला, त्याला वगळायचं कसं? पहिलवानानं काकासाहेबांना सोफ्यावरून उचलून उभं केलं आणि छातीशी धरलं. मग टांगेवाल्यानं. मग वकिलानं. काळी टोपी पडली, ती कुणीतरी परत डोक्यावर ठेवली, उलटी. काकासाहेबांना रागवायचं होतं. पण माणूस दुसऱ्याच्या मिठीत असताना त्याला रागवायला जागाच राहत नाही. एकातून सुटून तोंड उघडावं, तोवर पुढचा हजर.

"सोडा त्यांना, सोडा," म्हणत तात्यासाहेब मध्ये घुसले. त्यांनी काकासाहेबांचे दोन्ही दंड धरले. मागून एक लोंढा आला. दोघं एकमेकांवर आदळले, पडू नये म्हणून एकमेकांना धरलं, आणि ढकलाढकलीत खांदे बदलले. उजवा, डावा, उजवा.

आणि खाली टॉकीजभर शांतता झाली.

कारण कमरोद्दीनच्या मशीनचा झोत बाल्कनीच्या पहिल्या ओळीवरून जात होता, आणि दोघं उभे होते ते नेमके त्या झोतात. नव्या पांढऱ्या पडद्यावर, चांदाच्या कोरीखाली, वीस हात उंचीच्या दोन काळ्या सावल्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. एकीच्या डोक्यावर उलटी टोपी. मग पब्लिकनं असा टाळ्यांचा कडकडाट केला की तसा त्या आठवड्यात कोणत्याच नायकाच्या वाट्याला आला नव्हता. थर्ड क्लासातून चिल्लर उधळली गेली.

आवडाबाईंनी पडद्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "व्याहीभेट झाली की हो."

व्याहीभेट म्हणजे मुलाच्या आणि मुलीच्या बापानं चारचौघांदेखत एकमेकांना कवटाळायचं. ती होते लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळं ठरून गेल्यावर. एकदा झाली की मागं फिरायची सोय नसते. द्वारकाबाईंचा हात पिशवीत गेला. नारळ बाहेर आला तो थेट आवडाबाईंच्या ओटीत.

काकासाहेब तात्यासाहेबांपासून सुटले. "ही कसली व्याहीभेट? बोलणी नाय, याद्या नाय. सिनेमातली ईद ती. पडद्यावरच्या सणाला काही अर्थ असतो का?"

 हेच वाक्य तात्यासाहेबांनी बुधवारी सांडूला ऐकवलं होतं. जिन्याच्या तोंडाशी सांडू उभा होता आणि मान हलवून काकासाहेबांना मनापासून दुजोरा देत होता. वच्छलेनं खाली मान घातली. तिला बहुधा पुढच्या स्थळाचे पोहे दिसत होते.

तेवढ्यात द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या सदऱ्याला काय झालं?"

तात्यासाहेबांनी छातीकडं पाहिलं. पांढऱ्या सदऱ्यावर डाव्या बाजूला वाटीएवढा गुलाबी डाग होता. आधी त्यांना वाटलं, पहिलवानानं बरगडी मोडली. मग त्यांनी बोट लावून वास घेतला. पहिलवानाच्या छातीवर तसाच डाग, टांगेवाल्याच्या, वकिलाच्या. जो जो काकासाहेबांना भेटला होता त्याच्या छातीवर तोच गुलाबी शिक्का. सगळ्यांनी काकासाहेबांच्या बंद गळ्याच्या कोटाकडं बघितलं. आतल्या खिशातून गुंड्यांच्या फटीतून गुलाल हळूहळू गळत होता.

 आवडाबाईंनी वाकून तो गुलाल बोटावर घेतला.

"पुडी फुटली," काकासाहेब बारीक आवाजात म्हणाले.

"कसली पुडी?"

"ते... पैठणला लोक सांगत होते. या चित्रात होळीचं गाणं आहे म्हणून." त्यांनी टोपी सुलट केली. "म्हटलं जातोच आहोत तर. पैठणला मला कोणी रंग लावत नाय. दुरूनच नमस्कार करत्यात. गाणं आलं की सगळ्यांबरोबर आपणबी एक चिमूट... अंधारात कुणाला कळतंय. मगापासून वाट बघतोय, येईचना."

"मग काकासाहेब," तात्यासाहेब सावकाश म्हणाले, "पडद्यावरच्या सणाला अर्थ नसतो, तर पुडी कशाला आणली?"

काकासाहेबांनी आजूबाजूला बघून घेतलं. यावेळी हसू रद्द झालं नाही. "सदरा खराब केला तुमचा," ते म्हणाले. "आता व्याही म्हणून भरून द्यावा लागंल."

वच्छला घाईनं उठून बाहेर गेली. अशा वेळी मुलींना तहान लागते.

सगळे खूश होते, एक सांडू सोडून. व्याहीभेट खरी ठरली म्हणजे राखीही खरी ठरली, एवढा हिशेब त्याला करता येत होता. शेंगांची पाटी घेऊन साळूबाई जिन्यात उभी होती. तो तिला म्हणाला, "चला ताई, खाली लोक वाट बघत्यात."

"ताई कुणाला म्हणतो रे?"

"तूच बांधलीस ना राखी?"

"कोणत्या हाताला?"

सांडूनं आठवलं. "डाव्या. उजव्यात बॅटरी होती."

"राखी डाव्या हाताला असती व्हय?" साळूबाई म्हणाली. "सगळ्या बाया बांधाया लागल्या, मी नाय बांधली तर त्या काय समजल्या असत्या? बॅटरी नीट धर म्हणलं ते उगंच म्हणलं का मी?" आणि तिनं पाटीतल्या मूठभर शेंगा त्याच्या उजव्या हातावर घातल्या. सांडूच्या हातातली बॅटरी पडली ती जिन्याच्या तळापर्यंत गडगडत गेली.

इकडं पडद्यावर मिशीवाला नायक परत आला होता आणि नायिकेची आई रडत होती, पण तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. तात्यासाहेब मागं वळून केबिनच्या भोकाशी गेले.

"कमरू, होळीचं रीळ कुठंय?"

"हायना साब. हाताशीच ठेवलंय."

"लाव."

"आणि पडदा?"

तात्यासाहेबांनी पडद्याकडं पाहिलं. पाहुण्यांना दाखवायचा होता तेवढा दाखवून झाला होता. त्यांनी काकासाहेबांकडं पाहिलं. ते सोफ्याच्या कडेला येऊन बसले होते, कोटाच्या सगळ्या गुंड्या काढलेल्या, खिशातला उरलासुरला गुलाल दोन्ही हातांनी गोळा करत.

"व्याह्यांच्या हाताला पोहोचतोय का तेवढं बघ," तात्यासाहेब म्हणाले. "नसंल पोहोचत तर त्यांना खाली पहिल्या बाकड्यावर नेऊन बसव."